संपूर्ण नाव, गाव, खोली नंबर

मानसी क्लासहून आली तेव्हा आजोबा तिचा फोन पुढ्यात घेऊन, चष्मा लावून, पाठ ताठ करून बसले होते. चाळ कमिटीच्या मीटिंगला बसत तसे.

"ये बाय," ते म्हणाले. "तुझ्या त्या गेमवाल्या ग्रुपचं काम मार्गी लावलं."

राजाराम परब लालबागच्या या चाळीचे बावीस वर्षं सेक्रेटरी होते. नवखा माणूस जिन्यापाशी आला की नाव काय, गाव कुठलं, कोणाकडे, हे तीन प्रश्न झाल्याशिवाय पहिली पायरी चढत नसे, ही त्यांनीच लावलेली शिस्त. पंधरा वर्षांच्या नातीला फोन मिळाला तोही त्यांच्याच अटीवर, की फोनला लॉक नको. दिवसा आपण दाराला कडी लावत नाही, फोनला कशाला? हा ठराव घरात एकमताने मंजूर झाला होता. मत त्यांचं एकट्याचंच होतं.

"काय केलंत, आजोबा?"

"चौकशी. एकेचाळीस पोरं, आणि एकाला आडनाव असेल तर शपथ! एक व्हायपर, एक डेव्हिल, एक कोण तो टकल्या डॉन. आणि तू शॅडो! तुझ्या बारशाला पेढे कमी पडले म्हणून चिंचपोकळीपर्यंत धावलो होतो मी. ते काय शॅडोसाठी?"

"तुम्ही ग्रुपवर काही लिहिलंत?"

"रीतसर लिहिलं. सर्वांनी संपूर्ण नाव, गाव आणि वडील काय करतात ते कळवावे. कोणी कळवेना. नुसती हसणारी तोंडं पाठवतायत. मग म्हटलं, विचारणाऱ्याने आधी आपलं सांगावं. आपली पद्धत आहे ती."

मानसीने फोन ओढून घेतला.

ग्रुपचा पहिला नियम सगळ्यात वर होता. खरं नाव, शाळा, पत्ता कोणीही लिहायचा नाही. तो तिनेच घातला होता, दोन महिन्यांपूर्वी, एकाला ग्रुपमधून काढून टाकल्यावर. आता त्या नियमाखाली आजोबांची नोटीस लागली होती, तारीख आणि जावक क्रमांकासह. 'शॅडो म्हणजे आमची नात कु. मानसी विनीत परब, इयत्ता दहावी.' पुढे चाळीचं नाव. दुसरा मजला, खोली नंबर चौदा. मसाल्याच्या गिरणीची खूण. 'आईवडील दोघेही कामावर जातात. दिवसा मी एकटा घरी असतो. चहाला अवश्य यावे.'

तिने ते पुसून टाकलं.

"अगो! तासभर लागला मला टाइप करायला."

"कोणी कोणी वाचलं?"

"सगळ्यांनी. पण उत्तर एकट्याचं आलं. असतात एकेकाच्या घरी संस्कार. नवीन पोरगा आहे, कालच आलाय. बघ, नमस्कार म्हणतो."

नावाच्या जागी कुत्र्याच्या पिल्लाचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'नमस्कार आजोबा. जवळच आहे, चहाला येतोच. छोटीला सांगा.'

मानसीने 'छोटी' हा शब्द पुन्हा वाचला.

ग्रुपवर सगळे तिला शॅडो भाई म्हणत. छोटी म्हणणारा एकच होता. तो आपलं वय सोळा सांगायचा. खेळताना ऐकू यायचा तो आवाज मात्र तिच्या बाबांच्या वयाचा. आधी त्याने तिला खेळातली एक बंदूक भेट दिली, मग फोटो मागितला. ती नाही म्हणाली तेव्हा त्याने लिहिलं, 'राहू दे छोटी, पत्ता मिळेलच कधीतरी.' त्याच दिवशी तिने त्याला काढलं होतं. घरी बोलली नाही. बोलली असती तर त्याच्याआधी तिचा फोनच काढून घेतला असता.

"हे कधी आलं?"

"झाला अर्धा तास. दूध आणून ठेवलंय मी."

"आजोबा, तो मुलगा नाहीये."

"मुलगी आहे? मग तर प्रश्नच मिटला."

"माणूस आहे, आजोबा. बाबांएवढा. मीच काढला होता त्याला ग्रुपमधून. तो फोटो मागायचा माझे."

आजोबांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला नाही.

मानसी दाराकडे धावली. सकाळी पाणी आलं की परबांकडे भरलेलं पिंप उघड्या दाराला टेकवून ठेवत. रात्री रिकामं झालं की बाजूला सरकवून दार लावत. दुपारचं पिंप काठोकाठ होतं. तिने दोन्ही हातांनी रेटलं. पाणी हिंदकळून तिच्या पायांवर आलं, पिंप जागचं हललं नाही. आजोबा आले आणि त्यांनी खांदा लावला.

खाली जिन्यापाशी चाळीच्या राखणदाराची, कुशाबाची, खुर्ची करकरली. आजोबांची तीन प्रश्नांची शिस्त आता तोच सांभाळत होता. त्याने नाव विचारलं. कोणीतरी नाव सांगितलं, आडनावासकट. गाव विचारलं. गावही सांगितलं, तालुक्यासकट. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर वरपर्यंत स्पष्ट ऐकू आलं.

"परबांकडे."

"मग जावा की!" कुशाबा मोठ्याने म्हणाला. "दुसरा मजला, चौदा नंबर. आणि ठोठावत बसू नका हो, दार उघडंच असतं."