बाजेखालचं सूत

सत्त्याऐंशी साली विणकर सोसायटीत कंप्युटर आला. कोणाचं सूत संपलं तर दुसऱ्याकडून पाठवता यावं, म्हणून नागपूर-उमरेडच्या साऱ्या विणकरांनी आपल्याकडचे सुताचे गठ्ठे त्यात नोंदवायचे होते. शालिकरामनं तीन गठ्ठे बाजेखाली सारले आणि खुशाल 'शून्य' सांगितलं.

दिवाळीच्या तोंडावर सूतगिरणीत संप झाला आणि नवं सूत येणं थांबलं. आठवड्यानं सेक्रेटरी गठ्ठा घेऊन दारात उभे.

"उमरेडच्या गोदूबाईनं पाठवला गा. तिच्यापाशी दोनच होते. म्हणे, ज्याच्यापाशी काहीच नाही, त्याचा माग काहून बंद राहावा?"

विणकरांच्या साऱ्या गल्लीनं ऐकलं. शालिकरामला मान वर करवेना.

सकाळी सोसायटी उघडायच्या आतच तो आपले तीन गठ्ठे घेऊन पोचला. पायरीवर सारी गल्ली आधीच येऊन बसली होती, आणि प्रत्येकाच्या मांडीवर सूत होतं.