मालकाच्या रकान्यातलं नाव

"चूक माझी झाली, मॅडम," शिवकन्या म्हणाली आणि तिनं मान खाली घातली.

भरल्या मीटिंगमध्ये. समोर विक्री सांभाळणाऱ्या सुरेखा मॅडम, मधल्या खुर्चीत राधेश्याम शेठजी आणि बाजूला अंगद, कंपनीच्या सगळ्या कॉम्प्युटरांचा साहेब. त्यानं तोंड उघडायला हवं होतं. त्यानं पाण्याची बाटली उघडली.

मीटिंग संपेपर्यंत सुरेखा मॅडमनी शिवकन्याला नारळ दिला. शेठजी खिडकीबाहेर बघत राहिले. चारच्या बसनं पोरगी भोकरदनला घरी निघणार होती, आणि अंगद केबिनमध्ये एसी लावून घाम पुसत बसला होता. कारण त्याच्या हिशेबी चूक तिची नव्हतीच.

त्याचं असं झालं. नवीन जालन्यातल्या ह्या बियाणं कंपनीनं तीन वर्षांमागं सगळा कारभार क्लाऊडवर नेला. म्हणजे मशीनं आपली नाहीत, कुठल्याशा लांबच्या कंपनीची भाड्यानं घ्यायची. बघता बघता ती बासष्ट झाली, आणि कुठलं कशासाठी चालतंय हे ब्रह्मदेवालाही सांगता येईना. मग अंगदनं धोरण आखलं. धंद्याच्या उपयोगाचं असेल तेच मशीन राहील. प्रत्येक मशीनला एक जबाबदार माणूस. त्याला दर महिन्याला मोबाइलवर चिठ्ठी जाणार: हे कोणत्या कामाचं, ठेवायचं की बंद करायचं? तीन चिठ्ठ्यांना उत्तर आलं नाही, तर मशीन आपोआप बंद. शेठजींनी तर भर सभेत त्याला शाल पांघरली होती.

माशी शिंकली एका शब्दावर. फॉर्ममध्ये जबाबदार माणसाच्या रकान्याला 'ओनर' म्हटलेलं होतं. अंगदनं हौसेनं त्याचं मराठी केलं: 'मालक'. चिठ्ठ्या मात्र इंग्रजीतच राहिल्या.

आता सांगा, 'मालक' ह्या शब्दापुढं स्वतःचं नाव लिहायची छाती ह्या मुलखात कुणाची? अंगदच्या हाताखाली फॉर्म भरायला बसलेल्या शिवकन्यानं विचारलंही होतं, "सर, मालक म्हणून कुणाचं टाकू?"

"अगं, मालक काय धा हायेत का? शेठजींचं टाक समद्यापुढं."

झालं. बासष्टच्या बासष्ट मशीनं शेठजींच्या नावावर, आणि सगळ्या चिठ्ठ्या त्यांच्या मोबाइलवर. शेठजी पेपर वाचत तोही मथळ्यापुरता. मोबाइल जरा अडला, की "शिवकन्या!" म्हणून हाक जायची.

काल सकाळी, मृग दोन दिवसांवर असताना, दुकानदारांच्या ऑर्डरी घेणारं मशीन बंद पडलं. शिवकन्या नेमकी बहिणीच्या साखरपुड्यासाठी रजेवर होती. अंगदला ते पुन्हा उभं करायला दुपार झाली. तोवर भोकरदनपासून शहागडपर्यंतचे दुकानदार फोन बडवून थकले आणि ज्याचं बियाणं मिळालं त्याचं उचलून मोकळे झाले. शेतकरी काही कंपनीसाठी पेरणी थांबवत नाही. हंगाम अर्ध्या दिवसात हातचा गेला.

मशीन कशानं बंद झालं, त्याची नोंद क्लाऊडवर राहते. अंगदनं ती उघडलीच नाही. उघडून बघायचं काय, तर आपलंच पाप. तीन चिठ्ठ्या बिनउत्तराच्या, दुसरं काय असणार! आज मीटिंगमध्ये तो "फॉर्म भरताना गडबड झाली" एवढंच म्हणाला, आणि सुरेखा मॅडमनी "फॉर्म कुणी भरले?" असं विचारल्याबरोबर त्याच्या तोंडून पटकन निघून गेलं, "शिवकन्यानं."

साडेतीनला ती पिशवी घेऊन जिन्यात दिसली. अंगद धावतच गेला.

"तू बोलली का न्हाईस? नाव मीच सांगितलं होतं ना?"

"जाऊ द्या, सर. मोठ्या माणसाची इज्जत जाण्यापरीस माझी नोकरी गेलेली बरी."

अंगदला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. आपल्यासाठी ह्या पोरीनं नोकरीवर पाणी सोडलं, आणि आपण? थू आपल्या जिनगानीवर! तो तसाच वळला आणि न विचारता शेठजींच्या केबिनमध्ये शिरला.

"शेठजी, शिवकन्याला माघारी बोलवा. काढायचं तर मला काढा." मग त्यानं सगळं ओकून टाकलं. तो शब्द, तो रकाना, आपण सांगितलेलं नाव, मीटिंगमधलं आपलं गप्प बसणं. बोलताना त्याला वर बघवेना.

शेठजींनी टेबलावरचा मोबाइल जवळ ओढला. "म्हंजे, त्या मालक शब्दानं घात केला म्हणतो तू?"

"बिलकुल. तुमाला चिठ्ठ्या येऊन राह्यल्या, अन् तुम्ही त्या कशाला वाचायला बसता? तीन बिनउत्तराच्या गेल्या अन् मशीन बंद."

"बिनउत्तराच्या न्हाई गेल्या."

"काय म्हणता?"

"बस खाली." शेठजींचा आवाज एकदम बारीक झाला. "चिठ्ठी आली की ती पोरगी इथं यायची अन् सांगायची, शेठजी, हे ठेवायचं, हिरवं बटण दाबा; ते बंद करायचं, लाल दाबा. सभेत क्लाऊड-क्लाऊड करतो मी, पण इंग्रजीचं एक अक्षर येत न्हाई मला. हे तिला सोडून कुणालाच ठाव न्हाई. काल चिठ्ठी आली अन् ती न्हवती. तुला विचारायची शरम वाटली."

अंगद उभाच राहिला.

"अंदाजानं लाल बटण मी दाबलं, अंगद. तिनं आज सकाळी आल्या आल्या नोंद उघडून पाह्यली, मला येऊन सांगितलं बी. अन् मीटिंगमधी तिनं मान खाली घातली, तवा मी तिच्या समोरच बसलेलो होतो."