कोरडी जखम

“नाळ कितव्या दिवशी पडली होती?” डॉक्टर रूपालीनं विचारलं.

रोहिणीच्या मांडीवर पाच महिन्यांचा कुंदन कण्हत होता. तिनं शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या सासऱ्याकडे, दोधूकडे पाहिलं.

“एकेचाळीसावे दिन,” दोधू म्हणाला. “पोऱ्यानी नाळ पक्की शे, आसं मी बठ्ठा गावले सांगं व्हतं.”

डॉक्टरनं मुंबईहून आलेला रक्ताचा रिपोर्ट पुढ्यात ओढला.

“याच्या रक्तात पांढऱ्या पेशी चिक्कार आहेत, हव्यात त्याच्या पाचपट. पण रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून थांबायला त्यांच्या अंगावर जे चिकटणारे रेणू लागतात, तेच जन्मापासून नाहीत. जखम झाली, सूज आली की तिथली भिंत खूण करते, इथं उतरा. यांना थांबताच येत नाही. विसरवाडीच्या फाट्यावर माणसं हात करत उभी असावीत आणि भरलेली गाडी तशीच सुरतेकडे निघून जावी, तसं. पू म्हणजे काय, जखमेपर्यंत पोचून लढून मेलेल्या पेशी. याला पू होत नाही, कारण तिथं कुणी पोचतच नाही. एरवी पंधरा दिवसांत पडणारी नाळही याची म्हणूनच इतकी उशिरा पडली.”

सरकारी दवाखान्यात बत्तीस वर्षं ड्रेसर म्हणून काढली, पण दोधूला हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानंही कुणाला विचारलं नव्हतं. त्याच्या हातची जखम चिघळत नाही, अशी त्याच्या गावात, रनाळ्यात ख्याती. सोनारानं टोचलेला कुंदनचा कान काळा पडला, पाळीचं भोक वाढत गेलं, तरी पूचा थेंब नव्हता. आणि हा गडी स्वतःच्याच हातावर खूश होता! आता त्या खुशीची त्याला लाज वाटली.

“याच्या आधीचं मूल?” डॉक्टरनं पेन उचललं. “अस्थिमज्जा बदलली तर हा वाचू शकतो. पण हा आजार भावंडांतही असू शकतो; मुंबईच्या डॉक्टरांना घरातलं सगळं खरं कळायला हवं.”

आधीची नूतन. दहा महिन्यांची होऊन गेली. आईचं लक्ष नव्हतं, असं लोक म्हणाले, घरचेही म्हणाले. दोधूनं दोन वर्षं ते ऐकून घेतलं आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. आत्ताही ‘तापानं गेली’ म्हणून सुटता आलं असतं. ते शब्द जिभेवर आलेसुद्धा.

“तिन्हा मांडीवर फोड व्हता,” तो म्हणाला. “ही रडी रडी सांगे, नंदुरबारले चाला. मी म्हनं, पू नही, काही नही, जखम साफ शे, दवाखाना कशाले? मीच जाऊ नही दिधं, डॉक्टर. हिना काही गुन्हा नही.”

रोहिणीनं मान वर केली नाही. “नूतनबी वाचती का मंग?” एवढंच तिनं विचारलं.

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. “लवकर कळलं असतं, तर प्रयत्न करता आला असता.”

सिस्टर ड्रेसिंगचा ट्रे घेऊन आली. मुंबईला जाईपर्यंत कानाची पट्टी रोज बदलायची होती. दोधूचा हात सवयीनं पुढे झाला.

“ऱ्हाऊ द्या, नाना,” रोहिणी म्हणाली. “मी करसू. सिस्टर, माले शिकाडा.” मग त्याच्याकडे न बघता, “तुमी ट्रे धरा.”

दोधूनं ट्रे धरला. सिस्टर सांगत गेली तशी रोहिणीनं जुनी पट्टी हळूहळू सोडवली आणि ट्रेमध्ये टाकली. पोर कळवळून रडलं. दोधूनं आयुष्यभर लोकांचा पू पुसला, नाक मुरडून, कधी शिव्या देऊन. आज तो त्या पट्टीवर हरभऱ्याएवढा तरी पिवळा डाग शोधत होता. एका बाजूनं दिसेना, म्हणून त्यानं ट्रे खिडकीच्या उजेडाकडे केला, आणखी वर, तिरपा केला. पट्टी कोरी होती.

“नाना,” रोहिणी हलकेच म्हणाली, “ट्रे कलंडी ऱ्हायना.”