घटातले सातू

चौथ्या माळेला घटातले सातू बोटभर वाढून थांबले, ते थांबलेच. रेवतीचा चेहरा उतरला. "वहिनी, देवीचा कोप तर नाही ना?"

"कोप कसला! दाणे माझ्या कारखान्यातले आहेत," शैला हसून म्हणाली. बिअरसाठी सातूला मोड आणले, की ते वेळीच भट्टीत सुकवावे लागत. शैलाने काढलेल्या वाणाचे कोंब बोटभर झाले की आपोआप थांबत. शेतात वाढवायचं तर कंपनीचं औषध फवारावं लागे. भट्टीचा खर्च वाचला आणि वाण जगभर गेलं. त्याचा पराग बांध ओलांडत नाही, असं शैलानेच छातीठोकपणे सांगितलं होतं.

तेवढ्यात शेजारच्या कुसुमताई दारात आल्या. "शैला, आमच्या घटातलं धनही खुंटलंय गं. दसऱ्याला टोपीत काय खोवायचं?"

"दाणे कुठून आणले होते?"

"माहेरच्या शेतातले. आमच्याकडे बियाणं कधी विकत घेत नाहीत."

शैला तशीच त्यांच्या देवघरात गेली. तिने कोंबाशेजारी बोट धरलं. उंची तंतोतंत तेवढीच होती.

"ताई, यंदा पेरायला ठेवलेलं बी कुठलं आहे?"

"हेच की. दुसरं कुठलं असणार?"