डावीकडे ओढणारी गाडी

"सुटतोय का?" लालचंदभाऊंनी वाकून विचारलं.

"दम धरा, भाऊ. तेल मुरू द्या," गाडीखालून मगन म्हणाला.

सोनगीर फाट्यावरच्या मगनच्या गॅरेजात लाल गाडी पुढून उचलून ठेवलेली होती. काढलेली चाकं भिंतीला टेकली होती. गावातून तांबटांच्या हातोड्यांचा ठेका येत होता, कुणीतरी झोपेत देवळातली घंटा वाजवावी तसा. किल्ल्यावरून ढगांच्या सावल्या सावकाश उतरत होत्या. निंबाखालच्या बाजेवर धापूबाई माळ घेऊन बसल्या होत्या. मणी सरकत होते, ओठ हलत होते, नजर मात्र गाडीवर होती.

नवराबायको सकाळी धुळ्याहून शिरपूरला साध्वीजींच्या दर्शनाला निघाले होते. इथवर गाडी मुकाट चालली. फाटा आला आणि नेहमीसारखी ती डावीकडे ओढू लागली, दोंडाईचा रस्त्याकडे. शिरपूर तर सरळ समोर. लालचंदभाऊंनी ब्रेक मारला आणि ठरवलं, हा दोष आज मुळातून काढायचा. स्टिअरिंग फिरवलं की चाकाला वळवतो तो दांडा, त्याच्या टोकाचा गोळीचा सांधा, टाय रॉड एंड. तोच झिजला असणार.

मगनने आधी टायरची हवा पाहिली, मग स्वतः गाडी एक फेरी फिरवून आणली. "काहीच नई शे, भाऊ," तो म्हणाला. पण भाऊ ऐकेनात. "खोल," म्हणाले.

गाडी कुठल्या कंपनीची नव्हती. सांगाडा आणि फायबरची बॉडी खोक्यांतून आली होती. बाकीचं सगळं लालचंदभाऊंनी आणि त्यांच्या लेकीनं, प्रियलनं, धुळ्यातल्या गोदामात जोडलं होतं. टाय रॉड एंड तिनेच निवडले. जळगावच्या दुकानदाराने विचारलं, "कुठल्या गाडीचे पाहिजेत?" ती म्हणाली, "अजून व्हायचीय ती." मग काउंटरवर मांडलेला एकेक एंड तिने अंगठ्याने फिरवून पाहिला. अडखळतो तो नको, सैल फिरतो तोही नको. दुकानदार वैतागला. लालचंदभाऊ मात्र बाजूला उभे राहून कौतुकाने बघत होते.

पुढे तिने दोंडाईच्याच्या एका शेतकऱ्याच्या मुलाशी लग्न केलं, आपल्या मनाने. "त्या रस्त्याला माझी गाडी वळणार नाही," लालचंदभाऊ म्हणाले. बायकोला ते 'प्रियलची आई' म्हणून हाक मारायचे, तेही त्या दिवसापासून सुटलं. नुसतं 'ऐक' म्हणू लागले.

धापूबाईंचे रोजचे नियम तेवढे चालू राहिले. उजाडताना हात जोडून त्या मनाशी ठरवायच्या, आज कोणते पदार्थ खायचे आणि कुठल्या दिशेला कुठवर जायचं. ठरवलेल्या गावापलीकडे त्या दिवशी पाऊल टाकायचं नाही, काही झालं तरी. लालचंदभाऊ चेष्टा करत, "हिचं जग रोज सकाळी नव्यानं लहान होतं."

"मुरलं तेल," मगन म्हणाला.

परत बसवताना फरक पडू नये म्हणून त्याने आट्यांवर खडूची खूण केली. मग नटातली पिन उपसली आणि भाऊंच्या हातात दिली. पिनेचे दोन्ही पाय सारखे मागे वळवलेले होते, केसांतल्या आकड्यासारखे. प्रियल पिन अशीच वळवायची. लालचंदभाऊ ती तळहातावर घेऊन उभे राहिले.

नट सैल झाला. मगनने दोन्ही अंगांनी एकदम दोन हातोड्या मारल्या. तांबटांच्या ठेक्यात तो ठोका मिसळून गेला आणि एंड अलगद खाली आला.

मगनने तो फडक्याने पुसला. अंगठ्याने गोळी फिरवली, हलवून पाहिली, पुन्हा फिरवली. दुसऱ्या चाकाचाही काढून पाहिला.

"भाऊ, यामा काहीच खराबी नई शे. पोरनी निवड चांगली शे."

"मग डावीकडे का ओढते?"

मगनने एंड फडक्यावर ठेवला. "गाडी नीट शे," तो म्हणाला. "तुमना हातच तिकडे वळतस."

लालचंदभाऊंनी आपल्या हातांकडे पाहिलं. रस्त्यावर एक ट्रॅक्टर आला, दोंडाईचा रस्त्याला लागला आणि धुळीत विरघळला.

"नवे टाकू?"

"नको. तेच बसव."

एंड खडूच्या खुणेवर बसले. नव्या पिनांचे पाय लालचंदभाऊंनी स्वतः वळवले, सारखे, मागे. गाडी जॅकवरून उतरली. दोघं आत बसले. समोर फाटा होता, आणि लालचंदभाऊंचा पाय क्लचवरून उठेना.

मग त्यांना एकाएकी आठवण झाली, आणि हायसंही वाटलं. बायकोचा नियम. ती आज ठरवलेल्या गावाच्या पलीकडे जाणार नाही. आता दोंडाईच्याचा रस्ता त्यांनी नाही, तिच्या नियमानं अडवला होता.

"प्रियलची आई," ते हलकेच म्हणाले. "आज तू शिरपूरचाच नियम घेतला असशील ना?"

धापूबाईंनी माळ डोळ्यांना लावली, पिशवीत ठेवली, नाडी ओढली.

"उत्तरेला आज शिरपूर," त्या म्हणाल्या. "पश्चिमेला रोजच दोंडाईचा."