नवी कोरी खेळणी

पाहुण्यांची गाडी फाट्यावर आल्याचं कळलं, तशी अंगणवाडीच्या शेवंताताईंच्या जिवाची घालमेल सुरू झाली. परदेशी संस्थेनं बालशिक्षणासाठी दिलेली खेळणी त्यांनी वर्षभर कपाटात प्लॅस्टिकसकट जपली होती. मुलांनी मोडली, तर पाहणीला दाखवायचं काय?

आज ती सतरंजीवर मांडतानाही त्यांनी दटावलं, "कोणी हात लावायचा नाही. हाताची घडी, तोंडावर बोट!"

संस्थेच्या परदेशी बाई दुभाष्याला घेऊन आल्या त्या थेट मुलांत मांडी घालून बसल्या. हसून, खुणेनंच खेळा म्हणाल्या. एकही मूल हलेना. शेवटी बाईंनीच लाकडी घोडा उचलला.

तशी चार वर्षांची जनी धडपडत उठली. तिनं घोडा काढून घेऊन जागेवर ठेवला, बाईंचं बोट त्यांच्याच ओठांवर टेकवलं आणि कुजबुजली, "ताई ओरडतात." मग पुन्हा घडी घालून बसली.

दुभाष्या तोंड उघडणार, तोच ताईंनी घोड्याचं प्लॅस्टिक टराटरा फाडलं आणि तो जनीपुढे धरला. "घे गं बाय, खेळ."

जनीनं घोड्याकडे पाहिलं, मग ताईंकडे. हाताची घडी काही सोडली नाही.