काही गोड लागेना
तो जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचा. वर्षभर त्याला काहीच गोड लागत नव्हतं. जेवण नाही, गाणी नाहीत, बायकोचं बोलणंही नाही. “तुमचा माझ्यात जीवच उरला नाही,” म्हणत ती भावाकडे निघून गेली. रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टरबाई म्हणाल्या, “शिसं फार वाढलंय. भूक लागावी, जीव निवांत व्हावा म्हणून शरीर स्वतःच काही द्रव्यं बनवतं. शिसं त्यातही लुडबुड करत असावं. कामाचा शर्ट कोण धुतं?” “आता मीच. आधी बायको धुवायची, धूळ झटकून.” “मग तिचंही रक्त तपासून घ्या.” बाहेर येऊन त्याने बायकोला फोन लावला. “जेवलीस का?” ती म्हणाली, “हल्ली काही गोडच लागत नाही.” भिंतीला टेकून त्याने डोळे मिटले. देवा, ही नुसती माझ्यावर रुसलेली असू दे.